पासपोर्टच्या आधी दवाखान्याचा कागद

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. मुरबाड तालुक्यातल्या एका वस्तीत, विहारात वंदना आटोपली होती आणि आम्ही नेहमीप्रमाणे बीपीचं मशीन मांडून बसलो होतो. रांग संपत आली तेव्हा एक आई पुढे आली. तिने हाताऐवजी मोबाईल पुढे केला. म्हणाली, "दादा, माझं बीपी राहू द्या. पोराचं बघा. तिकडं दुबईला पोटात कळा मारतायत त्याच्या, तीन दिवस झाले. दवाखान्यात गेला तर कार्ड मागतात म्हणे. कसलं कार्ड?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. बीपी, शुगर, क्षय, डेंग्यू यांवर आम्ही तासभर बोलू शकतो. या प्रश्नाचं उत्तर मात्र आमच्यापैकी एकाकडेही नव्हतं. ते मिळालं दाराजवळ चप्पल घालत असलेल्या एका काकांकडून. सौदीत नऊ वर्षं ड्रायव्हरकी करून आलेले. त्यांनी त्या आईला दोनच गोष्टी विचारल्या. "पोरगा कोणत्या व्हिसावर गेलाय? आणि तिथलं ओळखपत्र हातात आलंय का?"

पोरगा व्हिजिट व्हिसावर गेला होता. "आधी या, कागद नंतर करू," असं एजंटने सांगितलं होतं. चार महिने झाले तरी कागद झाला नव्हता. कागद नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून कार्ड नाही. काकांच्या सांगण्यावरून त्याला त्या रात्री खोलीतल्या मुलांनी सरकारी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत नेलं. मुतखडा निघाला. जीव वाचला, पण बिलासाठी खोलीतल्या सगळ्यांनी काढलेली वर्गणी तो पुढे कित्येक महिने फेडत होता.

या घटनेनंतर आम्ही वस्तीवस्तीत विचारत गेलो आणि एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. मुलगा परदेशी निघाला की घरच्यांना पासपोर्ट ठाऊक असतो, व्हिसा ठाऊक असतो, तिकिटाचा दर पाठ असतो, कर्ज कोणाकडून काढलं आणि व्याज किती हे तर झोपेतही सांगता येतं. "तिकडे आजारी पडला तर कुठे जाईल?" हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी विचारला पाहिजे. दवाखान्याचा कागद पासपोर्टच्या आधी.

आपल्याकडून कोण जातं?

शहापूर आणि मुरबाड हे पोटासाठी बाहेर जाणारे तालुके आहेत. तानसा आणि भातसाचं पाणी शहापुरातून मुंबईला जातं, आणि त्या पाण्यामागोमाग आपली माणसंही मुंबईला गेली. आजोबा गिरणीत, कोणी रेल्वेत, कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर, कोणी कल्याण-अंबरनाथच्या कंपन्यांत. पुढे मुरबाडला एमआयडीसी आली, आसनगाव-वाशिंदच्या बाजूला कारखाने आणि गोदामं आली. आता त्यांची नातवंडं आयटीआय करून वेल्डर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक, ड्रायव्हर म्हणून आखाती देशांत जाऊ लागली आहेत. आणि थोडी का होईना, पण शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंड-जर्मनीला शिकायला जाणारी मुलं-मुलीही आपल्याच वस्त्यांतून निघत आहेत. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण कामगार असो वा विद्यार्थी, आजारपण दोघांनाही गाठतं, आणि तिथे सोबत आई नसते, शेजारी नसतात, ओळखीचा कंपाउंडरही नसतो.

'फिट' म्हणजे निरोगी नव्हे

आखातात जाण्याआधी मेडिकल होतं. सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन या देशांसाठी ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच ते करावं लागतं. पूर्वी लोक त्याला 'गामका' म्हणत, आता नोंदणी 'वाफिद' या नावाने होते. छातीचा एक्स-रे काढतात, रक्तात एचआयव्ही, कावीळ बी आणि सी तपासतात. तिथे पोचल्यावर राहण्याचा परवाना देताना पुन्हा तपासणी होते.

आपल्या वस्त्यांसाठी यात एक मोठी अडचण आहे, ती क्षयाची. ज्याला पूर्वी क्षय होऊन गेला, ज्याने सहा महिने इमानाने गोळ्या घेतल्या आणि जो आज ठणठणीत आहे, त्याच्याही फुप्फुसावर जुना डाग राहिलेला असू शकतो. त्या डागावरून तो 'अनफिट' ठरू शकतो. असे तरुण आम्हाला भेटले आहेत. एजंटला पैसे भरून झाले, कर्ज काढून झालं आणि मग एक्स-रेवर गाडी अडली. म्हणून आमचा सल्ला असा की पूर्वी क्षय झाला असेल तर कोणालाही पैसे देण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढा, डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि उपचार पूर्ण केल्याचा कागद जपून ठेवा. क्षय लपवण्यात काही मिळत नाही. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात येतात.

दुसरी गोष्ट. हे मेडिकल मालकासाठी असतं, तुमच्यासाठी नसतं. माणूस कामाला चालेल का, त्याच्यापासून दुसऱ्याला रोग लागेल का, एवढंच ते बघतं. 'फिट' शिक्का मिळाला म्हणून तुमचं बीपी, शुगर, किडनी सगळं ठीक आहे असा त्याचा अर्थ काढू नका. ती तपासणी जाण्याआधी आपली आपण करून घ्या.

आखातात सरकारी दार आणि खासगी दार

आपल्याकडे सरकारी दवाखाना म्हणजे सगळ्यांचा दवाखाना. केसपेपर काढला की नंबर लागतो. महाराष्ट्रात तर १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले आहेत. गर्दी असेल, औषध बाहेरून आणायला लागत असेल, पुढे पाठवत असतील, पण दार उघडं असतं.

आखातात असं नाही. तिथली मोफत सरकारी सेवा ही मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी असते. बाहेरून आलेल्या कामगारासाठी विमा हेच दार. आणि त्या विम्याचे पैसे कोणी भरायचे? मालकाने. हे वाक्य प्रत्येक घराने पाठ करावं. अबुधाबी आणि दुबईत हा नियम बऱ्याच वर्षांपासून आहे. १ जानेवारी २०२५ पासून अमिरातीतल्या बाकीच्या भागांतही खासगी कंपन्यांच्या कामगारांना आणि घरकाम करणाऱ्यांना तो लागू झाला. तिथल्या सगळ्यात साध्या विम्याचा वर्षाचा हप्ता ३२० दिरहम ठेवला आहे. तो मालकानेच भरायचा, आणि विमा असल्याशिवाय राहण्याचा परवाना निघत नाही. सौदीतही मालकाने विमा काढणं बंधनकारक आहे आणि इकामा त्याच्याशी जोडलेला आहे. कतारमध्ये हमदच्या सरकारी व्यवस्थेचं हेल्थ कार्ड निवासी कामगाराला वर्षाला १०० रियालमध्ये मिळत आलं आहे, आणि कामगार वस्त्यांजवळ रेड क्रेसेंटची केंद्रं आहेत.

तेव्हा पगारातून 'विम्याचे' म्हणून पैसे कापले जात असतील, तर ते का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. कार्ड मालकाच्या टेबलाच्या खणात असेल, तर ते मागायचा अधिकार आहे. ते पाकिटात हवं. त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो घरच्या मोबाईलवर हवा.

कार्ड असलं तरी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पहिली, 'नेटवर्क'. प्रत्येक कार्डावर कोणते दवाखाने चालतात याची यादी असते. यादीबाहेरच्या चकाचक दवाखान्यात गेलात तर बिल तुमचं. दुसरी, तुमचा वाटा. साध्या विम्यात बिलाचा काही भाग, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, रुग्णाने द्यायचा असतो. तो विमा नसल्यामुळे नव्हे, विम्याच्या नियमानेच द्यावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ मुलं "आपल्याला फसवलं" म्हणून परत दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि दुखणं अंगावर काढतात.

जिवावरचा प्रसंग असेल, छातीत दुखतंय, अपघात झालाय, शुद्ध हरपलीय, तर कार्ड आहे की नाही हे बघत बसू नका. सरळ इमर्जन्सी गाठा. अमिरातीत अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर ९९८, सौदीत ९९७, कतारमध्ये ९९९. बिलाचा विचार जीव वाचल्यावर करता येतो.

आजारपणाच्या रजेचंही तसंच. अमिरातीत प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा कायद्याने मिळते. पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले बिनपगारी. डॉक्टरांचा दाखला मात्र वेळेत द्यावा लागतो. "ताप असला तरी कामावर ये, नाहीतर पगार कापतो," असं सांगणाऱ्या मुकादमापुढे हा नियम माहीत असणं कामाला येतं.

उन्हाचं तर वेगळंच सांगायला हवं. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला अमिरातीत बंदी आहे. तरी उरलेल्या वेळेतलं ऊन काही कमी नसतं. पाणी कमी, घाम जास्त, आणि लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी टाळायची सवय. मुतखडा आणि किडनीची दुखणी त्यातूनच वाढतात. दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर आलेला मुलगा सोनं-मोबाईल दाखवतो, तेव्हा त्याला आधी लघवी आणि रक्ताच्या तपासणीला न्या. क्रिएटिनिन आणि बीपी या दोन तपासण्या तरी कराच.

शिकायला गेलेली मुलगी दारात का थांबली?

शहापूरकडची एक मुलगी इंग्लंडला शिकायला गेली. हुशार, धीट. पहिल्याच हिवाळ्यात तिला ताप आणि खोकला धरला. अकरा दिवस ती खोलीत पडून राहिली. तिचा भाऊ आम्हाला भेटला तेव्हा म्हणाला, "तिला भीती वाटते, बिल किती येईल. इथून आम्ही कुठून भरणार?"

आम्ही त्याला विचारलं, व्हिसाच्या वेळी 'हेल्थ सरचार्ज' म्हणून पैसे भरले होते ना? भरले होते. हा सरचार्ज विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड असतो, नोकरीवर जाणाऱ्याला १,०३५ पौंड. एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी व्हिसा साधारण दीड वर्षापर्यंतचा निघतो, त्यामुळे विद्यार्थ्याचेही लाखाच्या वर रुपये आधीच भरलेले असतात. त्या बदल्यात तिथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, तिथे राहणाऱ्या माणसासारखीच मिळते. डॉक्टरांना दाखवणं, रुग्णालयात दाखल होणं, शस्त्रक्रिया, यांचं वेगळं बिल येत नाही. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर दर औषधामागे सुमारे १० पौंड द्यावे लागतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत. दात आणि चष्मा यांचा खर्च वेगळा.

एवढे पैसे भरूनही ती मुलगी दारात थांबली, कारण ते दार तिचं आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं. दाराबाहेर उभं राहणं काय असतं हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. पण ते दार दुसऱ्याने बंद केलेलं होतं. हे दार तर उघडं होतं, पैसे भरून उघडलेलं होतं.

तिने दुसऱ्या दिवशी कॉलेजजवळच्या जीपीकडे नाव नोंदवलं. तिथे थेट मोठ्या रुग्णालयात जायची पद्धत नाही. आधी जीपी, म्हणजे आपल्या भागातला सरकारी यादीवरचा डॉक्टर. नाव नोंदवणं मोफत आहे. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच ते करावं, आजारी पडल्यावर नव्हे. रात्री-अपरात्री काय करावं कळत नसेल तर १११ वर फोन करून विचारता येतं, जिवावरचं असेल तर ९९९. इंग्रजी बोलायला अवघड जात असेल तर दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे लागत नाहीत. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या व्हिसावर गेलेल्याला मात्र हा सरचार्ज नसतो आणि ही सोयही नसते. त्याने वेगळा विमा घेतलाच पाहिजे.

जर्मनीत आरोग्य विमा दाखवल्याशिवाय विद्यापीठात नाव दाखल होत नाही. तिथे तिसाव्या वर्षापर्यंत विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीचा विमा सवलतीच्या हप्त्यात मिळतो. चार पैसे वाचवायला सुरुवातीलाच खासगी विम्याकडे गेलात तर शिक्षण संपेपर्यंत परत सरकारी विम्याकडे वळणं अवघड होऊन बसतं. अमेरिकेत बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यासाठी सरकारी दार जवळजवळ नाहीच. विद्यापीठ जो विमा घ्यायला लावतं तोच आधार. तिथे अ‍ॅम्ब्युलन्सचंही बिल येतं.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घेऊन जाणाऱ्यांनी मंजुरीपत्रात विमा आणि व्हिसाचा खर्च कसा धरला आहे ते ओळ न् ओळ वाचावं. फी आणि राहण्याचा खर्च सगळे वाचतात, विम्याची ओळ राहून जाते.

गोळ्यांची पिशवी

आपल्याकडून जाणाऱ्यांच्या बॅगेत मसाला, पापड, लोणच्याबरोबर गोळ्यांची एक पिशवी असतेच. त्यात काय आहे ते तपासा. ट्रॅमाडॉल, कोडीनसारखी औषधं आपल्याकडे वेदनेवर किंवा खोकल्यावर दिली जातात, पण अमिरातीत त्यांच्यावर कडक बंधनं आहेत. न विचारता नेली तर विमानतळावर गुन्हा होऊ शकतो. बीपी, शुगर, फिट्स, थायरॉईड यांची रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी, औषधाचं कंपनीचं नाव नव्हे तर मूळ नाव, आणि मूळ वेष्टणातल्या गोळ्या सोबत ठेवा. सुट्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून नेऊ नका.

दहावी पास झाला आणि संरक्षणातून सुटला

आता सरकारला विचारायचा प्रश्न. ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. असा माणूस आखातातल्या आणि आणखी काही, मिळून १८ देशांत कामाला निघाला तर त्याला सरकारची परवानगी लागते. त्यासाठी ई-मायग्रेटवर नोंदणी होते आणि प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये, आणि दवाखान्याच्या खर्चासाठीही काही मर्यादेपर्यंत मदत. पावणेतीनशे रुपयांत एवढा आधार दुसरीकडे कुठे मिळतो?

पण आपली मुलं आता दहावी पास आहेत, आयटीआय झालेली आहेत. शिक्षणाचा आपल्याला अभिमान आहे. त्या शिक्षणामुळे मात्र त्यांना ही परवानगी लागत नाही, नोंदणी होत नाही, आणि तिच्यासोबत येणारा विमाही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. उंचावर वेल्डिंग करणारा दहावी पास मुलगा नापास मुलापेक्षा कमी धोक्यात असतो का? पाय घसरताना पडणारं माणूस मार्कशीट बघून पडत नाही. हा विमा कामाच्या स्वरूपाप्रमाणे, प्रत्येक कामगाराला सक्तीने मिळाला पाहिजे, ही आमची स्पष्ट मागणी आहे. आणि त्याची माहिती मुंबईच्या कार्यालयात नव्हे, शहापूर आणि मुरबाडच्या तहसील कचेरीत आणि आयटीआयच्या फलकावर मराठीत लागली पाहिजे.

एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे ई-मायग्रेटवर बघता येतं. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, एवढंच घेता येतं. "व्हिजिट व्हिसावर चला, मग बघू," असं जो म्हणतो तो तुम्हाला विम्याच्या दाराबाहेर उभं करतोय, हे ओळखा.

आणि खरोखरच अडचण आली तर? भारतीय दूतावासात जाणं म्हणजे भीक मागणं नव्हे. २००९ पासून दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीत सापडलेल्या भारतीयाच्या तातडीच्या उपचारासाठी, आणि घरचे व मालक दोघेही खर्च करू शकत नसतील तर मृतदेह मायदेशी आणण्यासाठी त्यातून मदत होते. 'मदद' या सरकारी पोर्टलवर घरच्यांनाही इथून तक्रार करता येते. दुबईत कामगारांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे.

सवय इथून लागते

कोणी म्हणेल, "इथेच धड उपचार मिळत नाहीत, तुम्ही परदेशाचं काय घेऊन बसलात?" मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, तिथून कळव्याला, कळव्याहून मुंबईला, हा रस्ता आपल्या ओळखीचा आहे. शहापूरकरांचाही तसाच. त्यावर या पानाने अनेकदा लिहिलं आहे आणि लिहीत राहू.

पण आम्हाला दोन्ही गोष्टी एकच वाटतात. मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा आसनगावच्या गोदामात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या आपल्या माणसांना विचारा, "तुमचा ईएसआयसी नंबर काय?" कितीजण सांगू शकतील? सध्या २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या, कायदा लागू असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यावर कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उल्हासनगर किंवा ठाण्याच्या कामगार विमा रुग्णालयात उपचार मिळू शकतात, आजारपणात पगाराचा भाग मिळू शकतो, बाळंतपणाचा लाभ मिळू शकतो. तरी आपण खासगी दवाखान्यात डिपॉझिट भरायला मंगळसूत्र गहाण ठेवतो. जो इथे आपला ईएसआयसी नंबर मागत नाही, तो दुबईत कार्ड मागणार नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे दयेचा प्रश्न म्हणून कधी पाहिलं नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलताना त्यांनी सांगितलं की हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, पण बाईच्या कामाचा फायदा घेणारा मालकही जबाबदारीतून सुटत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला आणि पुढे १९४८ चा कामगार विमा कायदा त्यातून उभा राहिला. इंग्लंडची एनएचएस सुरू झाली तीही १९४८ सालीच. बाबासाहेब स्वतः लंडनमध्ये अर्धपोटी राहून शिकले तेव्हा ती नव्हती. आज आपली लेक तिथे शिकते तेव्हा आहे. मग तिने अकरा दिवस ताप अंगावर का काढावा?

विहारातली वही

आता आम्ही काय ठरवलं ते सांगतो.

त्या वस्तीत एक वही ठेवली आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाचं एक पान. त्यावर व्हिसाचा प्रकार, मालकाचं किंवा कॉलेजचं नाव-पत्ता, विम्याचं कार्ड आणि त्याची मुदत, रक्तगट, रोजची औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, आणि तिथे सोबत राहणाऱ्या एका माणसाचा नंबर. वही आईच्या किंवा बायकोच्या समोर भरायची, तिला वाचून दाखवायची, आणि ती कपाटात कुलूपबंद ठेवायची, कारण आजाराची माहिती चारचौघांत फिरवायची गोष्ट नव्हे. कार्डाचा रकाना रिकामा असेल तर तिकीट काढण्याआधी एजंटला किंवा मालकाला लेखी विचारायचं. उत्तर आलं नाही तर जायचं की नाही हे घरच्यांनी पुन्हा बसून ठरवायचं. मुलाला कमीपणा वाटेल, एजंट घाई करेल. तरी विचारायचं.

मागे राहणाऱ्यांचंही त्याच पानावर लिहायचं. घरातला कमावता बाहेर गेला की इथल्या म्हाताऱ्या आईवडिलांचे कागद कोण सांभाळणार? रेशनकार्ड, आधार यांवरची नावं सारखी करून ठेवली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. नावातली एक वेलांटी चुकली म्हणून रात्री दोन वाजता धावाधाव नको.

आणि परत आलेल्यांना आमची विनंती. तुम्ही सौदी, कतार, मस्कतला राहून आलात, तिथल्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढलात. कोणत्या खिडकीवर काय विचारतात, कोणता कागद आधी लागतो, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही, ते तुमच्याकडे आहे. त्या रविवारी सौदीहून आलेल्या त्या काकांनी चप्पल परत काढली आणि आत येऊन बसले, म्हणून एका मुलाला वाट सापडली. आता महिन्यातून एक रविवार ते आमच्या बीपीच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसतात. जाणारी मुलं त्यांच्याकडे व्हिसा दाखवायला येतात.

तो मुतखड्याचा मुलगा दिवाळीनंतर परत आला. आता पुन्हा जायचं म्हणतो. गेल्या महिन्यात त्याची आई त्याला घेऊन विहारात आली. वहीतलं त्याचं पान आम्ही उघडलं. व्हिसाच्या रकान्यात या वेळी 'एम्प्लॉयमेंट' लिहिलं. विम्याच्या रकान्याशी तो थांबला, म्हणाला, "विचारतो एजंटला." आई लगेच म्हणाली, "विचारतो नाही. विचारून ये. मग बघू तिकिटाचं."